पाणी वाटणाऱ्याचा आवाज

पप्पा, गेल्या रविवारी सिडकोतल्या एका मैत्रिणीच्या घरी आम्ही आठ जण जमलो होतो. आम्ही म्हणजे शेंद्र्याच्या कंपन्यांत काम करणारे पाच जण, दोन प्राध्यापक आणि एक दातांचे डॉक्टर. महिन्यातून एकदा जमायचं, अंतराळातले, यंत्रमाणसांचे, अजून न आलेल्या दिवसांचे सिनेमे आणि मालिका बघायच्या आणि मग त्यावरून तावातावानं भांडायचं, एवढाच आमचा उद्योग. तुम्हाला हसू येईल, पण ह्या वयात मला ह्याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही. ह्या वेळी ठरलं होतं की प्रत्येकानं आपल्याला आवडलेली पाच कामं सांगायची. सिनेमा नाही सांगायचा, काम सांगायचं. कुठल्या नटानं किंवा नटीनं नेमकं काय केलं, आणि ते का विसरता येत नाही.

मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत वहीत खाडाखोड करत होते. एका सिनेमात म्हाताऱ्या माणसाची देखभाल करणारी यंत्रबाई आहे, तिला मी पहिला नंबर दिला. माणूस कप ठेवतो तेव्हा शेवटच्या क्षणी हात जरासा सोडतो, म्हणून कप वाजतो. ती बाई सोडत नाही, टेबलाला टेकेपर्यंत धरून ठेवते. अख्ख्या सिनेमात तिच्या हातचा कप एकदाच वाजतो, म्हातारा गेल्यावर. तिसऱ्या नंबरला एक जण होता ज्याचं तोंड रबराच्या मुखवट्याखाली पूर्ण झाकलेलं आहे आणि जो सगळं काम नुसत्या मानेनं करतो. त्यावरून प्राध्यापकांशी बरंच वाजलं, त्यांच्या मते मुखवट्याआडच्या माणसाला नट म्हणायचं की नाही हाच प्रश्न आहे. पण सगळे खरे चमकले ते दुसऱ्या नंबरला. मी आपल्या रविवारच्या मालिकेतल्या पाणीवाल्याचं नाव घेतलं.

डॉक्टर म्हणाले, तो तर बाजूचा माणूस, सगळी मालिका मिळून तासभरसुद्धा दिसत नाही. मग मी म्हणाले, "तो पाणी वाटताना माणसाच्या तोंडाकडं बघत नाही, मापाकडं बघतो. म्हणून तो खरा वाटतो."  एका प्राध्यापकांनी विचारलं, इतकं बारीक बघायला कुठं शिकलात? मी म्हणाले, सवय आहे, क्वालिटीत काम करते ना. तुमचं नाव घेणं दूरच राहिलं, माझ्या वडिलांचं वाक्य आहे एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. घरी आल्यावर आईशी ह्याच गोष्टीवरून बोलणं निघालं आणि तिनं जे सांगितलं त्यामुळं आज हे लिहायला बसले आहे. पण ते पुढं सांगते.

तुमचे डोळे गेले तेव्हा मी नववीत होते. एकदम गेले नाहीत. आधी तुम्हाला वर्नियरवरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, आणि तुम्ही ते महिनाभर कंपनीत कुणाला कळू दिलं नाही, कारण लेथवर टूल बोथट झालं की तुम्हाला आवाजावरूनच कळायचं. मग एक जॉब, म्हणजे तासायला घेतलेला तुकडा, फुकट गेला आणि साहेबांच्या लक्षात आलं. सरकारी दवाखान्यात सांगितलं की साखरेमुळं डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय. काही दिवस कंपनीनं तुम्हाला वॉशर मोजायला बसवलं, मग तेही थांबलं. आई अंगणवाडीत मदतनीस होती, ती सकाळी जायची. मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही पलंगाच्या कडेला बसलेले असायचात, शर्ट इस्त्रीचा, जणू आत्ता शिफ्टला निघणार आहात. तुम्ही कुणावर चिडला नाहीत. फक्त, आम्ही घरात काही शोधत असलो की तुम्ही विचारायचात, काय सांडलं, आणि न सांडलेलं काहीतरी हातानं चाचपायला लागायचात.

त्याच वर्षी रविवारी सकाळी अकराला ती मालिका लागायची. मूळची इंग्रजी, केबलवर हिंदीत. एक अवाढव्य जहाज आहे, त्यातून हजारभर माणसं दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावर राहायला निघाली आहेत, आणि प्रवास इतका लांबचा आहे की निघालेल्यांपैकी निम्मे वाटेतच म्हातारे होऊन मरणार. मी वेड्यासारखी बघायचे. तुम्ही मागं बसून ऐकायचात. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तुम्ही विचारलं, हा कप्तान कसा दिसतो. मी म्हणाले, दुःखी.

"दुःखी म्हंजे कसा?" तुम्ही म्हणालात. "अंदाजानं बोलू नको. मोजून सांग."

मला राग आला होता. मालिका पुढं चाललीय आणि मी ह्यांना चेहरे मोजून सांगत बसू. पण सांगितलं. डाव्या भुवईचा बाहेरचा कोपरा खाली आलाय, ओठ मिटलेत पण जबडा हलतोय, म्हणजे दात आवळलेत. तुम्ही मान हलवलीत. "आता दिसला," म्हणालात. तिथून पुढं आपली रीतच पडली. जाहिराती लागल्या की आपण प्रत्येकाला निकाल द्यायचो, तुमच्या कंपनीतल्यासारखा. ओके, रिवर्क, रिजेक्ट. कप्तानाला तुम्ही शेवटपर्यंत रिजेक्ट केलं. मोठ्यानं बोलतो म्हणून शूर वाटतो, म्हणायचात, हळू बोलायला लावा म्हणजे कळंल. जहाजावरची डॉक्टरीणबाई रिवर्कमध्ये. मला कप्तान आवडायचा, मी भांडायचे, आणि आई भाकऱ्या थापत तिकडून म्हणायची की त्या गोऱ्या लोकांवरून घरात भांडण करणारे तुम्हीच दोघं असाल. आज आमच्या टोळक्यात मी ज्याला अभिनय पारखणं म्हणते ना, ते ह्याच्यापलीकडं काही नाही, पप्पा. पलंगाच्या कडेला बसलेल्या तुम्हाला दिसेल असं सांगायचं, बस.

आणि मग तो पाणीवाला आला. जहाजावरचं पाणी मोजून वाटणं हे त्याचं काम. दर भागात दोन-तीन मिनिटं, क्वचित एखादं वाक्य. पण त्याचा आवाज ऐकला आणि तुम्ही पुढं सरकून बसलात. भरड आवाज होता, थोडा थकलेला. शब्द संपवताना घाई नव्हती, आणि हिंदी अशी की मधेच आपल्याकडं 'हौ' म्हणतात तसा तो 'हां' म्हणायचा. "हा आपल्याकडचा हाय," तुम्ही म्हणालात. "निझामाच्या इलाख्यातला. पैज लावतो." मी हसून म्हणाले, तो अमेरिकेतला आहे, भुवया तांबड्या आहेत त्याच्या. तुम्ही म्हणालात, असू दे, आणि मग विचारलंत, वाटताना तो कुणाकडं बघतो? मी नीट बघितलं. कुणाकडंच बघत नाही, म्हणाले, समोर कप्तान असला तरी तो मापाकडंच बघतो.  मग म्हणालात, "मग बराबर हाय. लई बराबर हाय."

पाचोडच्या अलीकडं तुमचं गाव. तुम्ही लहान असताना आपल्या लोकांना विहिरीला हात लावता यायचा नाही, घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतेल तोवर. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंय, आणि ते त्याच रविवारी, जाहिराती चालू असताना. ओतणारा आधी तोंडाकडं बघायचा, म्हणालात, कुणाचं पोरगं हाय ते बघायचा, आणि मग किती ओतायचं ते ठरवायचा. हा तोंडाकडं बघत नाय, मापाकडं बघतो, म्हणून खरा वाटतो. एवढंच बोललात आणि मालिका सुरू झाली. मी तेव्हा ते ऐकून घेतलं, पण माझं लक्ष पडद्यावर होतं.

पाणीवाल्याची बायको मेली तो भाग तुम्हाला पाठ होता. ती सकाळी जाते आणि तिच्या वाट्याचं त्या दिवसाचं पाणी भांड्यात तसंच राहतं. जहाजाचा नियम असा की ते परत टाकीत जायला पाहिजे. हाताखालचा माणूस विचारतो, ह्याचं काय करायचं. पाणीवाला आपल्याकडं पाठ करून उभा आहे, भांडं हातात. तो काही बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो आणि जहाजाची घरघर. मग म्हणतो, "टाकी में डाल दो." मी तुम्हाला सांगायला तोंड उघडलं, पण तुम्ही हात वर केलात, थांब म्हणून. भाग संपल्यावर म्हणालात, "नऊ आकडे मोजले मी. नऊ आकडे माणूस गप बसला. असं गप बसायला हिंमत लागती." त्या दिवशी तुम्ही ओके म्हणाला नाहीत. निकालच दिला नाहीत.

नंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. हॉस्टेलवर मुलींकडं कॉम्प्युटर होते, कुणीतरी आख्खी मालिका इंग्रजीतून आणली होती. मी सगळी बघितली. कप्तानाचा आवाज आपण ऐकायचो त्याच्यापेक्षा कितीतरी हळू होता, तुम्ही म्हणायचात तसा. डॉक्टरीणबाई चांगलीच निघाली. आणि मला एकदम खूप कळायला लागल्यासारखं झालं. डब केलेलं बघणं म्हणजे अडाणीपणा, असं मी मुलींकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते माझंच मत असल्यासारखं सांगायला लागले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी मैत्रिणीचा लॅपटॉप मागून घरी आणला. दुपारची वेळ आहे, कूलर चालू आहे, आई पलीकडं कणिक मळतेय. तुम्ही विचारता, नवीन काय आणलंस. मी म्हणते, पाणीवाला आणलाय, त्याच्या खऱ्या आवाजात. तुमचा चेहरा उजळतो. मी तोच भाग लावते. त्या नटाचा आवाज पातळ आहे, जरा नाकातला. तुम्ही मान तिरकी करून ऐकता आणि विचारता, हा कोण बोलला? मी म्हणते, हाच तो. तुम्ही म्हणता, नाय, हा तो नाय. मग मी तुम्हाला समजावून सांगते. पप्पा, तुम्ही ऐकत होतात तो दुसराच माणूस होता, मुंबईत कुठल्या तरी खोलीत माइकपुढं उभा राहून कागदावरचं वाचणारा. त्याचा ह्या कामाशी काही संबंध नाही. काम केलं ते ह्यानं. आणि मी हसते. तसं मोठ्यानं नाही, पण तुम्हाला ऐकू येईल इतकं.

"मंग त्या दिवशी गप कोण बसलं व्हतं?" तुम्ही विचारलंत.

मला प्रश्नच कळला नाही, किंवा मी कळून घेतला नाही. मी म्हणाले, गप बसायला काय लागतं, आवाजच नाही तर ते डब कोण करणार.  मग म्हणालात, "बंद कर, बाई. तुझ्या मैत्रिणीची वस्तू हाय, तापंल." त्यानंतरच्या कुठल्याच सुट्टीत तुम्ही माझ्याबरोबर काही बघायला बसला नाहीत. मी लावलं की म्हणायचात, तू बघ, मी जरा पडतो. आवाजात राग नसायचा. मला वाटलं, वय झालं. मग वाटलं, मूत्रपिंडाचा त्रास सुरू झालाय म्हणून. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आईचा फोन आला आणि मी बसनं इकडं येईपर्यंत तुम्ही गेला होतात. त्यानंतर इतकी वर्षं मी स्वतःशी एक गोष्ट धरून चालले होते, की त्या दुपारी मी तुमचा आनंद मोडला. तुम्हाला कळलं की तुम्ही ज्याला मानत होतात तो माणूस नव्हताच, आणि तुमचं मन उडालं. ह्याचं मला वाईट वाटायचं, पण त्यात कुठंतरी एक आधारही होता. निदान मी खरं ते सांगितलं होतं.

गेल्या रविवारी घरी आले तेव्हा आई शेंगा सोलत बसली होती. तिचे गुडघे आता फार दुखतात, ती खाली बसत नाही, खुर्चीवर परात घेऊन बसते. तिनं विचारलं, आज कशावरून भांडलात. मी सांगितलं, पाणीवाल्यावरून. तो कोण हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, त्याचं उत्तर काही आलं नाही बघ.

मी विचारलं, कसलं उत्तर. मग तिनं सांगितलं. मी हॉस्टेलला परत गेल्यावर तुम्ही दर रविवारी अकराला टीव्ही लावायला सांगायचात. मालिका पुन्हा पहिल्यापासून दाखवत होते, ती तुम्ही शेवटपर्यंत ऐकलीत. आई शेजारी बसून सांगायची. "मला कुठं तुझ्यासारखं सांगता येतंय," ती म्हणाली. "मी म्हणायचे, रडतोय. ते म्हणायचे, व्हय, ऐकू येतंय." आणि एका रविवारी तुम्ही तिला वही-पेन घेऊन बसायला लावलंत. टीव्हीवर कसल्या तरी बक्षिसासाठी चॅनेलचा पत्ता दाखवायचे, तो तिनं तीन रविवार बघून उतरवून घेतला. तुम्ही हिंदीत सांगितलंत आणि तिनं लिहिलं, की पाणी वाटणाऱ्याचा आवाज ज्यांचा आहे त्यांचं नाव कळवण्याची मेहेरबानी करावी. त्यांना सांगावं की औरंगाबादला एक माणूस आहे, त्याला दिसत नाही, पण त्यांचं गप्प बसणं त्याला ऐकू आलं. पत्र टाकायला तुम्ही स्वतः आईच्या खांद्यावर हात ठेवून पेटीपर्यंत गेलात. त्यानंतर पावसाळाभर पोस्टमनच्या सायकलचा आवाज आला की तुम्ही उठून बसायचात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. आईनं परत परात घेतली. "ते म्हणले, पोरीला नको सांगू. हसंल."

म्हणजे तुमचं मन उडालं नव्हतं. त्या दुपारी तुम्हाला एकच नवी गोष्ट कळली होती, की असा एक माणूस खरंच मुंबईत आहे, पत्ता असलेला, पत्र टाकता येईल असा. तुम्ही त्याला सोडलंच नव्हतं. सोडलं होतं ते मला, म्हणजे माझ्या शेजारी बसून काही आवडून घेणं तेवढं सोडलं होतंत. आणि मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीबद्दल वाईट वाटून घेत होते.

ह्या आठवड्यात मी त्याला शोधलं. कंपनीतून आल्यावर रोज संध्याकाळी बसले. हिंदीतली मालिका आता कुठंच मिळत नाही. कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेला एक तुकडा सापडला, त्यात तो फक्त एकदा "अगला" म्हणतो. शेवटच्या पाट्यांत कापडं शिवणाऱ्यांची नावं आहेत, मशिनी हलवणाऱ्यांची आहेत, हिंदी बोलणाऱ्यांची नाहीत. आमच्यातल्या एका प्राध्यापकांना फोन केला, त्यांची मुंबईत ओळख आहे. ते म्हणाले, त्या काळी एकेक जण दिवसाला चार-चार माणसांचे आवाज द्यायचा, त्यांनाही आठवत नसेल. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. माप आणि तोंड हे वाक्य तुमचं आहे, तेही सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी सगळ्यांना सांगा. सांगेन. पण त्यानं तुम्हाला काय.

आईला वाटतंय मी ऑफिसचं काहीतरी लिहितेय. ही पानं मी तिला वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. मूळ इंग्रजीत तो पाणीवाला त्या ठिकाणी गप्प बसत नाही, पप्पा. पाठ करून उभा असताना तो एक लांबलचक वाक्य बोलतो, बायकोबद्दल, तिला तहान कमी लागायची वगैरे. ओठ दिसत नाहीत म्हणून हिंदीत ते सोडून देता आलं, म्हणजे त्या दिवशी गप्प बसला तो तुमचाच माणूस. कुणी सोडलं, मला माहीत नाही. हिंदी संवाद लिहिणारा विसरला असेल, किंवा त्या माणसानंच कागद खाली ठेवला असेल आणि नुसता श्वास घेतला असेल. लॅपटॉपवर ते वाक्य चालू होतं तेव्हा मी तुम्हाला समजावत बोलत होते, म्हणून ते तुम्हाला ऐकू आलं नाही. मला ते येणार हे माहीत होतं. हॉस्टेलवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मी थांबवून, मागं नेऊन दोनदा ऐकलं होतं, आणि मला आपला, गप्प बसणाराच बरा वाटला होता.